खुराडं घासूनपुसून साफ केलं तरी चार दिवसांत पुन्हा वास आणि किडे? आधी हे तपासा

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते. "आवं, परवाच तर समदं धुतलंय की! फिनेल टाकलं, चुना टाकला, तरी आज परत तसंच." पाटणच्या वरच्या खोऱ्यातून येते, कराडच्या वाड्यावस्त्यांवरून येते, शिराळ्याकडून येते, आणि जून ते सप्टेंबरात जरा जास्तच येते. परड्यात आठ-दहा गावरान कोंबड्या, पत्र्याचं नाहीतर फळ्यांचं खुराडं, खाली मुरूम किंवा शहाबादी फरशी, रात्री बसायला आडवा बांबू. माणूस आळशी नसतो. उलट आठवड्याला हौसेनं घासत असतो. तरी त्रास परत येतो, कारण खराटा जमिनीवर फिरतो आणि दुखणं असतं पाण्याच्या भांड्याखाली, बांबूच्या टोकात, पत्र्याच्या जोडात.

औषध आणायच्या आधी त्रास कोणता आहे ते ठरवा. वास आणि किडे ही दोन वेगळी दुखणी आहेत. लोक दोन्हींवर एकच उपाय करतात, म्हणून दोन्ही टिकतात.

पहाटे खुराडं उघडताना खाली बसा आणि नाक कोंबडीच्या उंचीवर न्या. डोळे चुरचुरले, नाकात तिखट झणका गेला, तर तो अमोनिया आहे. कोंबड्यांच्या घरात हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे २५ भाग ही साधारण वरची मर्यादा मानतात. त्यापुढं त्यांच्या श्वासनलिकेला इजा होऊ लागते, डोळे पाणावतात आणि सर्दीसारखे आजार पटकन धरतात. उभ्यानं वास घेऊन उपयोग नाही, वायू जमिनीलगतच तयार होतो. शिवाय रोज जाणाऱ्याच्या नाकाला तो कळेनासा होतो. घरी पाहुणा आला की त्याला एकदा खुराड्यापाशी न्यावं. थोडं विचित्र दिसतं, पण निदान बिनचूक होतं.

वास फारसा नाही, पण संध्याकाळी कोंबड्या आत जायला कुरकुर करतात, शेवग्यावर नाहीतर गोठ्याच्या आढ्यावर जाऊन बसतात, तुरे फिकट पडलेत, अंड्यावर बारीक लालसर ठिपके दिसतात, अंडी काढून आल्यावर तुमच्याच हाताला खाज सुटते: हे किड्यांचं काम. चांगली बसलेली खुडूक कोंबडी मध्येच अंडी सोडून उठली, तरी पहिला संशय किड्यांवरच घ्या.

दोन्ही असेल तर आधी ओल काढा. ओल्या फळीवर कसलीच फवारणी धरत नाही.

वास: पाणी कुठून येतंय?

अंड्यावर असलेली मोठी संकरित कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२५ ग्रॅम विष्ठा टाकते आणि त्यात तीन-चतुर्थांश पाणी असतं. गावरान कोंबडी अंगानं लहान, दिवसभर उकिरड्यावर आणि पाणंदीत फिरणारी, म्हणून खुराड्यात पडणारा वाटा निम्म्याहून कमी धरा. तरीही दहा कोंबड्यांमागं रोज पाव ते अर्धा लिटर पाणी नुसत्या विष्ठेतून आत येतं, आणि तेही जवळजवळ सगळं बसायच्या दांडीखालच्या हातभर पट्ट्यात. विष्ठेतला पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल. ओल आणि ऊब मिळाली की जिवाणू त्याचा अमोनिया करतात, कोरडं राहिलं की ते काम रखडतं. आता यावर आपण बादलीभर पाणी ओततो, खराट्यानं घासतो आणि पावसाळी हवेत दार लावून घेतो. फरशी वरून वाळल्यासारखी दिसते, सांध्यांतून मात्र ओल तशीच राहते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी झणका यायलाच हवा.

म्हणून पावसाळ्यात खुराडं धुवायचं नाही. खरवडायचं. कोरडी खुरपी, कोरडा खराटा, घमेलं. धुणं हे उन्हाळ्याचं काम आहे, किंवा श्रावणात सलग दोन-तीन दिवस उघडीप मिळाली तर तेव्हाचं.

दांडीखाली जुना पत्रा नाहीतर प्लायचा तुकडा ठेवा, वर मूठभर राख किंवा तूस भुरभुरा, आणि रोज सकाळी तो पत्रा उकिरड्यावर झटका. दिवसाच्या विष्ठेतला निम्म्याच्या आसपास भाग रात्री एकाच जागी पडतो. तो रोज बाहेर गेला की बाकीच्या खुराड्याकडं आठवड्याला एकदा पाहिलं तरी भागतं. या पत्र्याइतका स्वस्त आणि गुणकारी उपाय मला दुसरा माहीत नाही. पण लोक तो करत नाहीत, कारण रोज दोन मिनिटं वाकावं लागतं.

मग पाण्याचं भांडं. उघडं घमेलं आत ठेवलं की कोंबड्या त्यात पाय घालतात, काठावर चढून ते उलथवतात आणि सगळं भिजवतात. रात्री खुराड्यात पाणी ठेवायची मुळात गरजच नाही, कोंबडी अंधारात पाणी पीत नाही. भांडं बाहेर, सावलीत, विटेवर ठेवा, आणि सकाळी लवकर दार उघडा. पिल्लांमुळं किंवा मुंगसाच्या भीतीनं कोंबड्या दिवसाही आत कोंडाव्या लागत असतील, तर घंटीसारखा ड्रिंकर टांगा आणि त्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला आणा. मान वर करून प्यावं लागलं की सांडणं कमी होतं.

पत्रा गळतोय की घामेजतोय, हेही ओळखता यायला हवं. रात्री पाऊस नसतानाही सकाळी तूस ठिपक्याठिपक्यांनी ओला दिसला, तर ते गळणं नाही. कोंबड्यांच्या श्वासातली वाफ गार पत्र्याला लागून थेंब पडतायत. असल्या पत्र्याला कितीही डांबर फासा, थेंब पडणारच. पत्र्यावर पाचटाचा नाहीतर कडब्याचा थर देऊन वर ताडपत्री बांधली की पत्रा इतका गार पडत नाही, आणि आतली वाफ बाहेर जायला वरच्या बाजूला फट ठेवली की प्रश्न संपतो.

ही फटच पावसाळ्यात लोक बुजवतात. आपल्याकडं पाऊस पश्चिमेकडून, नैऋत्येकडून मारतो. त्या दोन बाजू ताडपत्रीनं झाका, अगदी खालपर्यंत. पण पूर्वेची बाजू पत्र्याखाली वीतभर उघडी राहू द्या, जाळी मारून. चारी बाजूंनी बारदान आणि प्लास्टिक गुंडाळलेली खुराडी मी कोयनेकडं पुष्कळ पाहिलीत. घरच्यांना वाटतं कोंबड्यांना थंडी वाजेल. अंगावर पिसं असलेल्या मोठ्या कोंबडीला आपल्याकडच्या पावसाळी गारव्यानं काही होत नाही. कोंडलेल्या, ओल्या हवेनं होतं. फक्त वारा थेट दांडीवर बसलेल्यांच्या अंगावर येऊ नये, म्हणून फट त्यांच्या डोक्याच्या वर असावी.

पावळीचं पाणी भिंतीच्या बुडाशी पडत असेल तर पत्रा हातभर पुढं काढा, भोवती चर खणा आणि आतली जमीन बाहेरच्यापेक्षा अर्धा फूट तरी उंच करा. हे काम मे महिन्यातच उरकावं. जुलैत चिखलात उभं राहून कुणी चर खणत नाही.

चुना, फिनेल, टीसीएल

शेजारच्या मावशींना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आमच्या सासूबाई चुनाच टाकायच्या, कधी काय झालं न्हाई." झालं नसेलही. चुना उत्तम वस्तू आहे, पण भिंतीला आणि रिकाम्या, कोरड्या जमिनीला. ओल्या, विष्ठेनं भरलेल्या तुसावर चुना पसरला की तूस अल्कधर्मी होतो, आणि अल्कधर्मी ओलीत साठलेला अमोनिया झपाट्यानं हवेत सुटतो. म्हणजे ज्या रात्री चुना टाकला त्याच रात्री आतली हवा जास्त वाईट होते. चुना टाकायचा तर आधी ओला तूस पूर्ण बाहेर काढा, जमीन खरवडा, चुना भुरका, दिवसभर सुकू द्या, मग नवीन तूस आणि त्यानंतर कोंबड्या.

फिनेलचा उग्र वास अमोनियाचा वास झाकतो. एवढंच. कोंबड्यांच्या फुप्फुसाला तो झाकलेला अमोनियाही मिळतो आणि वर फिनेलची वाफही.

सगळ्यात धोक्याचं म्हणजे टीसीएल पावडर. ग्रामपंचायतीत पाण्यासाठी आलेली मूठभर ब्लीचिंग पावडर घरी येते आणि खुराड्यात पडते. अमोनियानं भरलेल्या घाणीवर क्लोरीन पडलं की त्यातून घशाला आणि फुप्फुसाला जाळणारा विषारी वायू निघतो. बंद खुराड्यात वाकून काम करणाऱ्या माणसालाही तो लागतो. शिवाय घाणीवर टाकलेलं क्लोरीन घाणीतच संपतं, जंतूपर्यंत पोचत नाही. टीसीएल वापरायचीच तर ती घासून, धुवून, वाळवून झालेल्या भांड्यांसाठी ठेवा.

खाली काय घालायचं

भाताचा तूस सगळ्यात बरा. पाटण, जावळी, शिराळा भागात भाताच्या गिरणीवर तो सहज मिळतो. पूर्वेकडं गेलं की तूस महाग पडतो, पण तिथं घाण्यावर शेंगांची टरफलं मिळतात. तीही चांगलीच, फक्त पोत्यात दमट राहिलेली आणि बुरशीची काळी-हिरवी झाक आलेली उचलू नका. बुरशीचे कण पिल्लांच्या फुप्फुसात जाऊन बसतात. लाकडाच्या वखारीतला भुसा चालतो, पण अगदी पिठासारखा बारीक नको, त्याची धूळ उडते. ऊसपट्ट्यात पाचट फुकट म्हणून तेच टाकतात. पाचटाची पाती लांब राहिली तर एकमेकांत अडकून गादी दबते आणि खाली ओलीचा थर साठतो. कुट्टी करून टाकलं तर ठीक.

सुरुवातीला दोन-तीन इंचांचा थर द्यावा, मग वरून थोडं-थोडं घालत सहा इंचांपर्यंत वाढवावा आणि दर दोन दिवसांनी दाताळ्यानं वर-खाली करावा. मूठभर गहू-बाजरी तुसात फेकली तर हे काम कोंबड्याच उकरून करतात. ओल तपासायला तुसाची मूठ घट्ट दाबा आणि हात उघडा. गोळा तसाच राहिला तर तूस फार ओला आहे. दाबल्यावर थोडा चिकटून बोटानं टिचकी मारताच मोडला तर बरोबर. अजिबात न चिकटता धूळ उडाली तर फार कोरडा, त्यानंही कोंबड्या शिंकतात. पाण्याच्या भांड्याभोवती पापडी धरली असेल तर तेवढीच काढून टाका आणि तिथं नवीन तूस घाला. सगळी गादी दर आठवड्याला उपसायचं कारण नाही. रोज थोडं-थोडं मुरणारी कोरडी गादी घासलेल्या ओल्या फरशीपेक्षा कोंबडीला कितीतरी मानवते.

किडे: रात्री बॅटरी घेऊन जा

दिवसा कोंबडी हातात धरून पिसं चाळली, काही दिसलं नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात. सगळ्यात त्रासदायक किडा दिवसा कोंबडीच्या अंगावर नसतोच. हा लाल कोळीवर्गीय किडा जेमतेम एक मिलिमीटरचा असतो, उपाशी असताना राखाडी आणि रक्त प्यायल्यावर लालभडक. दिवसभर फटीत राहतो, अंधार पडला की दांडीवरून कोंबडीच्या पायावाटे वर चढतो, पोट भरलं की परत फटीत जातो. कोंबडीला कितीही आंघोळ घाला, त्याच्या घराला हातही लागत नाही.

रात्री नऊ-दहाच्या सुमाराला बॅटरी घेऊन जा आणि पांढरा कागद किंवा जुनं पांढरं फडकं दांडीच्या खालच्या अंगानं दाबून फिरवा. त्यावर रक्ताच्या बारीक रेघा उमटल्या तर निदान झालं. दिवसा बघायचं असेल तर दांडीची टोकं, अंडी घालायच्या खोक्याचे कोपरे आणि फळ्यांचे सांधे बघा. मिरपूड आणि मीठ सांडल्यासारखी राखाडी भुकटी दिसते, ती त्यांची विष्ठा आणि काती. कुरिअरच्या खोक्याचा नळ्यांचा पुठ्ठा वीतभर कापून दांडीखाली बांधला तर किडे त्या नळ्यांत जाऊन बसतात. दोन-तीन दिवसांनी पुठ्ठा काढून बघायचा आणि चुलीत घालायचा. उपचारानंतर किडे उरलेत का, हे कळायलाही हाच पुठ्ठा कामाचा.

उवा असतील तर त्या मात्र दिवसाही अंगावरच सापडतात. शेपटीखाली, गुदद्वाराभोवतीची पिसं फाकली की पिवळसर किडे पळताना दिसतात आणि पिसांच्या मुळाशी लिखांचे पांढरे गठ्ठे असतात. तिथलीच पिसं काळी, तेलकट, मळलेली दिसली तर दुसऱ्या जातीचा, अंगावरच राहणारा कोळीकिडा समजा. आणि माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या भागात कोंबडीचा गोचीड विसरू नका. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्याच जिल्ह्यात माणला पाचशेच्या आसपास, तेव्हा सगळ्या सातारा जिल्ह्याला एकच दुखणं असेल असं धरून चालत नाही. हा गोचीड चपटा, करडा-तपकिरी, मसुरीएवढा किंवा थोडा मोठा. तोही दिवसा भिंतीच्या भेगांत लपतो, रात्री रक्त पितो, आणि उपाशीपोटी वर्षभरही तग धरतो. त्याच्यामुळं कोंबड्यांना ताप येतो, हिरवट हगवण लागते, पाय लुळे पडतात. मातीच्या भिंतीची भेग काडीनं उकरली की सापडतो.

एकदा मारले तरी परत का येतात

लाल किड्याची अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात आणि उबदार हवेत आठवडाभरात नवा किडा अंडी घालायच्या वयाला येतो. फवारणीनं चालते-फिरते किडे मरतात, अंडी बहुतेक वाचतात. एकदा फवारलं, चार दिवस बरं वाटलं, दुसरी फवारणी राहून गेली, आणि महिन्याभरात पहिल्याइतकेच किडे. म्हणून दुसरा हात पाच ते सात दिवसांत द्यायचाच, आणि पुठ्ठ्यात किडे दिसले तर तिसराही. कॅलेंडरवर पहिल्या दिवशीच खूण करून ठेवा.

काही जण खुराडं पंधरा दिवस रिकामं ठेवतात, कोंबड्या डालग्याखाली झाकतात आणि मग परत आत घालतात. यातही काही साधत नाही, हा किडा रक्ताशिवाय काही महिने जगतो. शिवाय डालग्याच्या विणीत बसून तो नव्या जागीही पोचतो.

आणि बांबू. आडवा बांधलेला पोकळ बांबू ही किड्यांची धर्मशाळा असते. दोन्ही टोकं उघडी, आत अंधार, वर रोज रात्री जेवण. बांबू काढून टाका. बाभळीची नाहीतर निलगिरीची साल काढलेली, रंधा मारलेली, दीड-दोन इंच जाडीची दांडी बसवा. साल ठेवलीत तर सालीखाली तोच प्रकार. दांडी भिंतीत खोचू नका. तिला स्वतंत्र पाय करा आणि ते पाय जळकं ऑइल घातलेल्या पत्र्याच्या डब्यांत उभे करा, म्हणजे रात्री चढायची वाटच तुटते. डब्यावर झाकणासारखा पत्रा हवा, नाहीतर कोंबड्या ऑइलमध्ये चोच घालतील. एका कोंबडीला सात-आठ इंच दांडी पुरते.

आता कामाचा दिवस. उघडीप बघून सकाळी कोंबड्या बाहेर सोडा. खोकी, दांडी, बारदान, डालगं, सगळं बाहेर काढा. जुनी बारदानं आणि खोक्यांतलं गवत जाळून टाका, जपून ठेवू नका. तूस कोरडाच भरून लांब न्या. फळ्यांच्या फटी तारेच्या ब्रशनं उकरा आणि फक्त त्या फटींत किटलीनं उकळतं पाणी सोडा. लोखंडी अँगलच्या सांध्यांवर गॅसची ज्योत फिरवता येते, पण लाकूड, ताडपत्री किंवा पाचट जवळ असेल तर तो विचारही नको. दुपारपर्यंत वाळू द्या. मग लिटरभर पाण्यात दहा मिलि कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण चांगला घुसळून फटींत, दांडीच्या टोकांना, पत्र्याच्या जोडांत भरपूर मारा. साबण नसेल तर तेल वर तरंगतं आणि नुसतं पाणीच फवारलं जातं. किडे कमी असतील तर दोन-तीन हातांत यानंच आटोक्यात येतात.

फारच झाले असतील तर डेल्टामेथ्रिनसारखं औषध लागतं. ते जनावरांच्या औषधाच्या दुकानात मिळतं, पण प्रमाण, आणि किती दिवस अंडी खायची नाहीत, हे पशुवैद्यकाला विचारूनच घ्या. द्राक्षबागेसाठी आणलेलं आणि कपाटात उरलेलं औषध मात्र खुराड्यात फवारू नका. तासगाव-पलूसकडं हा मोह होतो, पंप हाताशी असतो, औषध हाताशी असतं. ते कोंबडीच्या अंगात जातं, अंड्यात उतरतं, आणि सकाळी ते अंडं पोरांच्या ताटात असतं. तंबाखूच्या काड्यांचं पाणी हा जुना उपाय आहे आणि किडे त्यानं मरतातही, पण निकोटिन कातडीतून अंगात शिरतं, कोंबडीच्याही आणि फवारणाऱ्याच्याही. हळदीबद्दल एवढंच: सांगलीच्या पेठेत हळद मुबलक म्हणून आपण ती सगळ्यावर दाबतो, पण लाल किड्याला तिचं काही वाटत नाही.

फवारणी वाळली की भिंतींना चुन्याची सफेदी द्या. चुनकळी आदल्या दिवशी भिजवा, त्यात मूठभर मीठ घाला म्हणजे चुना धरतो. भिजताना तो उकळतो आणि उडतो, पोरांना लांब ठेवा, डोळे सांभाळा. जाडसर हात दोनदा मारला की बारीक फटी बुजतात, आणि पांढऱ्या भिंतीवर पुढचा किडा लगेच नजरेला येतो. शेणानं सारवायची हौस दिवाळीनंतर करा. पावसाळ्यात सारवण वाळत नाही, आणि वाळून तडकलं की नव्या भेगा तयार.

त्याच संध्याकाळी कोंबड्यांकडं वळा. उवा असतील तर पशुवैद्यकानं दिलेली भुकटी पंखांखाली आणि शेपटीखाली चोळा आणि दहा दिवसांनी पुन्हा, कारण लिखा चार ते सात दिवसांनी फुटतात. धुळवणीची सोय कायमची करा. जुन्या ट्रकच्या टायरात कोरडी माती, वाळू आणि चुलीची चाळलेली राख घालून ते पावसापासून आडोशाला ठेवा. कोंबड्या त्यात लोळून अंगावरचे किडे स्वतःच कमी करतात. राख ओली झाली की कातडीला झोंबते, म्हणून आडोसा हवाच. प्लास्टिक जाळलेल्या चुलीची राख नको.

खुडूक कोंबडीच्या खाली गवत नवीन घाला, मुठीभर राख आणि कडुनिंबाचा पाला चालेल, पण पिल्लं निघाली त्या दिवशी ते गवत जाळा. पुढच्या कोंबडीला तेच घरटं द्यायचं नाही.

पिल्लं रक्त हगत असतील तर

तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं पंख पाडून बसतात, विष्ठेत रक्त दिसतं. ही रक्ती हगवण. हिचे अंडुके, म्हणजे रोग करणाऱ्या परजीवीची विष्ठेतून पडणारी, डोळ्यांना न दिसणारी अंडी, ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत रोग लावण्याजोगे होतात. फिनेल आणि ब्लीचिंग पावडर त्यांना काही करत नाही, कोरडेपणा आणि कडक ऊन करतं. पिल्लं त्याच दिवशी कोरड्या जागी हलवा, जुना तूस टाकून द्या आणि पशुवैद्यकाकडून पाण्यात द्यायचं औषध आणा. उशीर झाला तर एका रात्रीत निम्मी जातात. पिल्लं मोठ्या कोंबड्यांच्या तुसावर ठेवायचीच नाहीत, बघायला मोठी कोंबडी ठणठणीत असली तरी तिच्या विष्ठेतून हे अंडुके पडत असतात.

कृष्णाकाठी पुराचं पाणी खुराड्यात शिरलं असेल, २०१९ आणि २०२१ मध्ये शिरलं होतं तसं, तर आतली कुठलीच मऊ वस्तू वाचवायच्या भानगडीत पडू नका. गाळ काढा, वरची दोन इंच माती उचलून नवा मुरूम टाका, आणि कोंबड्या परत घालायची घाई करू नका.

साफसफाईनं न सुटणारं

मान वाकडी होणं, हिरवी-पांढरी हगवण, आणि धडाधड मरणं हे राणीखेत, आपल्याकडं मानमोडी म्हणतात ते. त्यावर खुराडं चाटून-पुसून ठेवलं तरी फरक पडत नाही, लस लागते. पिल्लू पाच-सात दिवसांचं असताना लासोटा आणि पुढं साधारण आठव्या आठवड्यात आर टू बी. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. गावात पाच-सहा घरं मिळून लस आणली तर परवडते, एका कुपीत पुष्कळ पक्ष्यांचे डोस असतात आणि फोडलेली कुपी ठेवता येत नाही. एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या तर मेलेल्या पक्ष्यांना हात न लावता दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवा. खंडाळा-वाईकडच्यांना शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयही जवळ आहे.

राहता राहिला काढलेला तूस. तो ताजा-ताजा हळदीच्या सऱ्यांत नाहीतर मिरचीच्या बुंध्याशी घालू नका, नत्र इतकं तीव्र असतं की मुळं करपतात. परड्याच्या लांबच्या कोपऱ्यात ढीग करा, फार कोरडा असेल तर थोडं पाणी शिंपडा, वर प्लास्टिक टाका. ढीग आतून तापतो आणि त्या उष्णतेत किडे, त्यांची अंडी आणि अंडुके बरेचसे मरतात. कडेचा भाग मात्र गारच राहतो, म्हणून पंधरा दिवसांनी ढीग उलटून कड आत घाला. अडीच-तीन महिन्यांनी, वास गेला आणि हाताला मातीसारखा लागला, की मग शेतात. खुराड्याला लागून हा ढीग लावू नका. ज्या किड्यांना दिवसभर खपून बाहेर काढलं, ते रात्रीतून चालत परत येतात.